इंग्लंडमधल्या गावच्या चर्चच्या आवारातलं युद्धस्मारक: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडात राहणारी आपली मंडळी आणि उन्हाळ्यात त्यांच्याकडे आलेले आई-बाबा कॉट्सवोल्ड्स, सॉमरसेट, यॉर्कशर असं कुठेतरी फिरायला जातात, गावातलं जुनं चर्च बघतात आणि आवारातल्या त्या दगडी क्रॉससमोर येऊन थांबतात. पायऱ्या, वर उंच क्रॉस, खाली नावांची यादी आणि १९१४-१९१८. मग प्रश्न सुरू होतात, आणि ते साधारण तेच तेच असतात, म्हणून एकदा सगळी उत्तरं एका ठिकाणी लिहून टाकतोय. क्रॉसबद्दल लिहिणारच आहे पण माझं स्वतःचं लक्ष जातं ते खालच्या यादीकडे, सगळी भांडणं तिथेच झालीत, त्यामुळे उत्तरंही तिकडेच झुकणार हे आधीच सांगून ठेवतो.

ही कबर आहे का? खाली कोणी पुरलंय का?

नाही. खाली काहीही नाही, फक्त पाया. आणि खाली काही नाही म्हणूनच तर हा दगड उभा राहिला.

झालं असं की १९१५ मध्ये ब्रिटिश सैन्याने ठरवलं की लढाईत मेलेल्यांची प्रेतं घरी न्यायची नाहीत, जिथे पडला तिथेच पुरायचं. आधी ज्यांच्याकडे पैसा आणि ओळख होती ते आपल्या पोराचं प्रेत परत आणत होते. एप्रिल १९१५ मध्ये विल्यम ग्लॅडस्टन नावाचा तरुण खासदार, माजी पंतप्रधान ग्लॅडस्टन यांचा नातू, फ्रान्समध्ये मारला गेला आणि त्याचं प्रेत घरच्यांनी वेल्समधल्या हावर्डन गावी आणून पुरलं. त्यानंतर ती वाट बंदच झाली, श्रीमंत-गरीब सगळ्यांना एकच नियम. युद्ध संपल्यावरही नियम उठवला नाही. आयांनी अर्ज केले, मे १९२० मध्ये पार्लमेंटात जोरदार चर्चा झाली, पण सरकार हललं नाही.

आता विचार करा, गावातली वीस पोरं गेली आणि एकाचीही कबर गावात नाही. शिवाय कित्येकांचं प्रेत सापडलंच नाही. बेल्जियममधल्या मेनिन गेटवर अशा बेपत्ता लोकांची ५४ हजारांवर नावं आहेत, फ्रान्समधल्या थिएपवालला ७२ हजारांवर. फ्रान्सला जाऊन यायची ऐपत मजुराच्या बायकोची कुठली असणार, तिने फुलं वाहायची कुठे? तर या दगडापाशी.

पण त्याच आवारात एक-दोन पांढरे एकसारखे दगड दिसतात, रेजिमेंटचं चिन्ह असलेले, ते?

त्या खऱ्या कबरी. जखमी होऊन इकडच्या हॉस्पिटलात आला आणि गेला, ट्रेनिंगमध्ये अपघात झाला, १९१८ च्या फ्लूमध्ये गेला, असे लोक मायदेशातच मेले आणि त्यांना गावात पुरता आलं. दगड साधारण ८१ सेंटीमीटर उंच, ३८ रुंद, शिपाई असो की जनरल सगळ्यांना तोच. हे काम कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनचं, स्थापना १९१७, तेव्हा नावात कॉमनवेल्थऐवजी इम्पीरियल होतं. ब्रिटनमध्ये १२ हजारांहून जास्त ठिकाणी अशा कबरी आहेत. गावचं स्मारक मात्र कमिशनचं नाही, ते गावाचं. हा घोळ जवळपास प्रत्येकजण घालतो.

पहिल्या महायुद्धाआधी अशी स्मारकं नव्हती का?

होती पण तऱ्हा वेगळी. चर्चच्या आत भिंतीवर संगमरवरी पाटी, त्यावर कोणी कर्नल किंवा कॅप्टन, बाजूला रडणारी देवदूत. साध्या शिपायाचं नाव कोण लिहिणार? त्याचा उत्तम नमुना बघायला इंग्लंडला यायचीही गरज नाही, कुलाब्याला नेव्ही नगरात अफगाण चर्च आहे ते बघा. पहिल्या अफगाण युद्धातल्या मृतांसाठी बांधलेलं, पायाभरणी १८४७ ची, १८५८ मध्ये वापरात आलं. म्हणजे अख्खं चर्चच युद्धस्मारक. आतल्या कोरीव लेखात लिहिलंय की अधिकाऱ्यांची नावं भिंतींवर आहेत, बाकी हवालदार-शिपाई इतके जास्त होते की त्यांची नोंद करता येत नाही. जागा नव्हती म्हणे! एवढं मोठं चर्च बांधलं त्याला जागा मिळाली.

आणि गंमत बघा, त्याच्या कितीतरी आधी, १८२१ मध्ये पायाभरणी झालेल्या कोरेगाव भीमाच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत कंपनीच्या बाजूने पडलेल्या साध्या शिपायांची नावं कोरलेली आहेत, त्यात शेवटी 'नाक' असलेली महार सैनिकांची नावं आहेत. तेव्हा शिपायाचं नाव दगडावर येतच नव्हतं असं सरसकट म्हणता येत नाही, पण इंग्लंडच्या गावागावात ही पद्धत रुळायला लागली ती दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धापासून, १८९९ ते १९०२. त्यात सैन्याबरोबर हौसेने भरती झालेले साधे लोकही गेले होते, त्यांच्या पाट्या बऱ्याच चर्चमध्ये दिसतात. मग १९१४ आलं आणि सगळं प्रमाणच बदललं.

पैसे सरकारने दिले का?

अजिबात नाही. आपल्याकडे गणपतीची वर्गणी निघते तशीच वर्गणी. कमिटी बसायची, त्यात पाद्री, जमीनदार, शाळामास्तर, एखादा डॉक्टर, नंतर नंतर परत आलेले सैनिक. घराघरातून पैसे, मैफिली, चहापान, विक्री. कोणी किती दिले त्याची यादी कधीकधी चर्चच्या दाराला लागायची. १९२३ मध्ये कायदा झाला तेव्हा कुठे स्थानिक संस्थांना स्मारकाच्या देखभालीवर पैसे खर्च करायची परवानगी मिळाली, तेही सक्ती नाही, परवानगी. आजही कित्येक गावात स्मारक नेमकं कोणाच्या मालकीचं हे कोणालाच माहीत नसतं, चर्च म्हणतं पॅरिश कौन्सिलचं म्हणजे गावच्या पंचायतीचं, कौन्सिल म्हणतं चर्चचं, आणि दगड निघायला लागला की मग फायली शोधतात.

स्मारकच का? काहीतरी उपयोगी का नाही बांधलं?

हा वाद तेव्हाही प्रचंड झाला. एक बाजू म्हणायची गावाला हॉल द्या, दवाखान्याला खाट द्या, पाण्याची सोय करा. दुसरी बाजू म्हणायची की हॉलमध्ये लोक नाच करणार, पत्ते खेळणार, आणि कोणासाठी बांधला ते दहा वर्षात विसरणार. दोन्हींचं म्हणणं खरं निघालं असं मला वाटतं. इंग्लंडात 'मेमोरियल हॉल' नावाचे हॉल ठिकठिकाणी आहेत, त्यात आपल्या लोकांची दिवाळी आणि मुलांचे वाढदिवसही होतात, आणि दारातली पाटी वाचायला कोणी थांबत नाही. एकूण छोटी-मोठी, पाट्या-खिडक्या-घंटा-हॉल सगळं धरून देशात स्मारकं १ लाखाच्या घरात आहेत.

चर्चच्या आवारातच का, गावच्या चौकात का नाही?

दोन्ही ठिकाणी सापडतात. आवारात ठेवायचे फायदे साधे, जागा फुकट, जागा पवित्र, शांतता, आणि पूर्वज तिथेच पुरलेले. अडचण अशी की गावात सगळेच चर्च ऑफ इंग्लंडचे नसायचे. मेथडिस्ट, बॅप्टिस्ट यांचं चॅपल वेगळं, आणि त्यांची पोरंही मेलेली. ते म्हणायचे आमच्या मुलाचं नाव तुमच्या आवारात का? म्हणून तडजोड म्हणून कितीतरी गावात क्रॉस तिठ्यावर, हिरवळीवर किंवा आवाराच्या अगदी कडेला भिंतीत, रस्त्यावरून दिसेल असा उभा केला.

आवारात उभा करायचा तर अजून एक भानगड, फॅकल्टी नावाची परवानगी लागते. बिशपच्या विभागाचं स्वतःचं न्यायालय असतं, त्याचा प्रमुख चान्सलर, तो डिझाइन बघून, मजकूर बघून हो किंवा नाही म्हणतो. हे आजही लागू आहे, यादीत एक नाव वाढवायचं असेल तरी.

क्रॉसवर तलवार उलटी का लावलेली असते?

हा आवडता प्रश्न. तलवार टोक खाली करून लावलेली, म्हणजे उगारलेली नाही, लढाई संपलेली. हे डिझाइन रेजिनाल्ड ब्लॉमफील्ड या आर्किटेक्टचं, कमिशनच्या परदेशातल्या दफनभूमींसाठी केलेलं, क्रॉस ऑफ सॅक्रिफाइस म्हणतात. अष्टकोनी दांडा, त्यावर साधा लांबट क्रॉस, समोर ब्राँझची तलवार, खाली अष्टकोनी पाया. ४० किंवा जास्त कबरी असलेल्या दफनभूमीत तो उभारायची पद्धत, आणि जागेच्या आकाराप्रमाणे उंची वेगवेगळी. पुण्याजवळ खडकीच्या वॉर सिमेट्रीत गेलात तर तिथेही हाच दिसेल. लोकांना फोटोतून हे डिझाइन आवडलं आणि गावोगावी त्याच्या नकला झाल्या, काही ठिकाणी ब्लॉमफील्डने स्वतः करून दिलं, काही ठिकाणी स्थानिक पाथरवटाने बघून घडवलं आणि तलवार ब्राँझऐवजी दगडातच कोरून टाकली.

पण तलवार नसलेलेही भरपूर. गोल कडं असलेला केल्टिक क्रॉस कॉर्नवॉलकडे खूप, तिथलाच ग्रॅनाइट वापरून. वर कंदिलासारखं कोरीव घर असलेला लँटर्न क्रॉस, तो मध्ययुगीन इंग्लिश चर्चयार्ड क्रॉसच्या धर्तीवर. हे लक्षात ठेवा की चर्चच्या आवारात क्रॉस असणं ही १९१९ ची शक्कल नव्हे, मध्ययुगात बहुतेक आवारांत असायचे, मग सोळाव्या-सतराव्या शतकात कडव्या प्रोटेस्टंटांनी मूर्तिपूजा म्हणून फोडले. नुसता बुंधा उरला. १९१९ नंतर काही गावांनी तोच जुना बुंधा आणि पायऱ्या घेऊन वर नवीन क्रॉस बसवला, म्हणून पायऱ्या खूप झिजलेल्या आणि वरचा भाग नवा दिसला तर चक्रावू नका.

येशूची मूर्ती असलेला क्रॉसही काही ठिकाणी आहे. फ्रान्समध्ये रस्त्याच्या कडेला असे क्रूस असतात आणि सैनिकांनी ते रोज बघितलेले, म्हणून काही पाद्र्यांना हवे होते, पण बाकीच्यांना त्यात कॅथलिकपणाचा वास आला आणि काही गावात त्यावरून चांगलंच वाजलं. ज्यांना क्रॉसच नको होता त्यांनी ओबेलिस्क म्हणजे चौकोनी निमुळता स्तंभ घेतला, किंवा आवाराच्या दाराशी छपराचं लाकडी प्रवेशद्वार बांधलं, त्याला लिचगेट म्हणतात, आत आडव्या तुळईवर नावं. पावसात उभं राहायला बरं पडतं.

काही क्रॉस लुटियन्स या आर्किटेक्टचे आहेत म्हणतात, तो म्हणजे आपला दिल्लीवालाच का?

तोच. इंडिया गेट त्याचा, लंडनच्या व्हाइटहॉलमधलं सेनोटाफ हे युद्धस्मारक त्याचं, थिएपवाल त्याचं, आणि त्याच माणसाने इंग्लंडच्या खेड्यांसाठीही छोटे क्रॉस केलेत, १५ च्या आसपास. त्याच्या क्रॉसचे हात अगदी आखूड आणि वर टोकाजवळ असतात, दांडा लांबच लांब, नक्षी जवळपास शून्य. एकदा बघितला की परत ओळखता येतो.

वेळ असेल तर सॉमरसेटमधलं मेल्स हे गाव बघा. तिथे लुटियन्सने क्रॉस न करता खांब केला, वर ड्रॅगनला मारणारा सेंट जॉर्ज, १९२१ मध्ये अनावरण. नावं वर्णानुक्रमाने नाहीत, हुद्द्यानेही नाहीत, जो आधी मेला तो आधी. म्हणजे गावातली माणसं ज्या क्रमाने गेली त्या क्रमाने तुम्ही वाचता. मला हा क्रम सगळ्यात खरा वाटतो. चर्चच्या आत एडवर्ड हॉर्नर या जमीनदाराच्या मुलाचा घोड्यावरचा पुतळा आहे, मनिंग्ज या चित्रकाराने केलेला, त्याच्या चौथऱ्यात फ्रान्समधल्या कबरीवरचा मूळ लाकडी क्रॉस बसवलाय. दोन्ही बघा, आत एका मुलासाठी अख्खा घोडा आणि बाहेर सगळ्यांसाठी एकेक ओळ.

सगळ्यात विचित्र स्मारक कुठलं?

माझं मत यॉर्कशरमधल्या स्लेडमियरला. सर मार्क साइक्स, हो, अरब प्रदेशाची वाटणी करणाऱ्या साइक्स-पिको करारातला साइक्स, त्याच्या वडिलांनी गावात एक उंच कोरीव क्रॉस बांधून ठेवला होता. युद्धात मार्कने त्यावर आपल्या ओळखीच्या मृत सैनिकांची पितळी चित्रं बसवायला सुरुवात केली, जुन्या शूरवीरांसारखी. १९१९ मध्ये तो स्वतः फ्लूने गेला आणि उरलेल्या जागेत त्याचंच चित्र बसलं, चिलखत घालून, पायाखाली पडलेला मुसलमान योद्धा आणि मागे जेरुसलेम. आज बघताना अंगावर येतं.

शेजारीच वॅगनर्स मेमोरियल आहे, घोडागाड्या हाकणाऱ्या शेतमजुरांच्या राखीव दलासाठी, साइक्सनेच ही सुमारे १२०० माणसं गोळा केलेली. जाड बुटका खांब आणि त्याला गोल फिरत चित्रकथा कोरलेली, शेतातलं काम, बोलावण्याचा कागद, बोटीने जाणं, जर्मन सैनिक गावकऱ्यांवर अत्याचार करताना. बहुतेक गावच्या स्मारकांवर शत्रू दिसतच नाही, इथे तो दात-ओठ खाऊन दिसतो.

दगड कुठला वापरतात? काही नावं वाचताच येत नाहीत.

जवळच्या खाणीतला जो असेल तो. दक्षिणेत पोर्टलंडचा पांढरट चुनखडी दगड, बाथकडे पिवळसर, उत्तरेत वालुकाश्म, कॉर्नवॉलला ग्रॅनाइट. वालुकाश्म आणि मऊ चुनखडी पावसाने झडतात, शंभर वर्षांत अक्षरं गुळगुळीत होतात. ग्रॅनाइट टिकतो पण कोरायला कठीण, म्हणून त्यावर बहुतेक वेळा शिशाची अक्षरं.

शिशाची अक्षरं जवळून बघा. आधी अक्षराची खाच, खाचेत बारीक भोकं पाडायची, त्यावर शिसं ठोकून बसवायचं आणि मग घासून सपाट करायचं. भोकात गेलेलं शिसं पकड धरतं. वर्षानुवर्षे उन्हा-थंडीत शिसं सुटतं आणि अक्षर पडतं, मग दगडावर नुसती तीन-चार भोकं उरतात, त्या भोकांवरून तिथे आर होतं की के हे अंदाजाने काढावं लागतं. बोट फिरवून वाचा, डोळ्यापेक्षा बोटाला लवकर कळतं, आणि सकाळी किंवा संध्याकाळी तिरपं ऊन असताना जा, दुपारी काहीच दिसत नाही.

कोणाचं नाव घ्यायचं हे कोण ठरवायचं?

कमिटी. आणि इथेच खरी मारामारी.

गावचा म्हणजे कोण? इथे जन्मला पण कॅनडाला गेला आणि कॅनडाच्या सैन्यातून मेला, तो आपला का? इथे दोन वर्ष मोठ्या घरात माळी होता, आई-वडील दुसऱ्या गावी, तो? बहुतेक वेळा दोन्ही गावांनी घेतला, म्हणून एकच माणूस दोन-तीन स्मारकांवर सापडतो, शाळेत वेगळा, ऑफिसात वेगळा, आणि काही जण कुठेच नाहीत कारण आई-वडील वारलेले, सांगायला कोणी आलंच नाही. नावं गोळा करायची पद्धत काय, तर घरोघरी विचारणे, किंवा दाराला यादी लावायची आणि ज्याला भर घालायची त्याने घाला. काही आयांनी मुद्दाम नाव दिलं नाही, मुलगा बेपत्ता आहे, मेला कुठे, येईल परत. दगडावर नाव कोरलं की संपलं.

मग जखमी होऊन घरी आला आणि १९२० मध्ये त्याच जखमेने गेला, त्याचं काय? तोपर्यंत यादी कोरून झालेली. म्हणून एकदा वर्णानुक्रम संपल्यावर खाली वेगळ्याच अक्षराचं एखादं नाव घुसवलेलं दिसतं, थोडं लहान, थोडं तिरकं. ही शेपटातली नावं मी नेहमी शोधतो. वर्णानुक्रमात एकच आडनाव लागोपाठ तीनदा आलं तर बरेचदा सख्खे भाऊ, नाहीतर चुलत.

आणि ज्यांना आपल्याच सैन्याने पळपुटेपणासाठी गोळ्या घातल्या ते? त्यांचं नाव बहुतेक ठिकाणी घेतलं नाही. लिंकनशरमधल्या फुल्स्टो गावाची गोष्ट यात सांगायलाच हवी. चार्ल्स किरमन या शिपायाला सप्टेंबर १९१७ मध्ये मृत्युदंड दिला. त्याचं नाव घेणार नाही म्हटल्यावर बाकीच्या घरांनी सांगितलं की मग आमच्या मुलांचीही नावं नकोत. गावाने स्मारकच बांधलं नाही, ते थेट २००५ मध्ये झालं, त्याच्या नावासकट. पुढच्याच वर्षी सरकारने अशा ३०६ जणांना माफी दिली. गावाने सरकारच्या आधी निकाल लावला होता.

हुद्दा लिहायचा की नाही हाही वाद. काही ठिकाणी जमीनदाराचा मुलगा सगळ्यात वर, कॅप्टन वगैरे लिहून, आणि खाली शिपाई. पण बऱ्याच गावांनी नुसतं आडनाव आणि आद्याक्षर एवढंच ठेवलं, सगळे सारखे. अफगाण चर्चपासून इथपर्यंत यायला साठ-सत्तर वर्षं लागली.

कुठे १९१८ लिहिलंय कुठे १९१९, चूक आहे का?

चूक नाही. ११ नोव्हेंबर १९१८ ला लढाई थांबली, व्हर्सायचा तह २८ जून १९१९ ला झाला. ज्यांनी तह धरला त्यांनी १९१९ लिहिलं.

वर जे वाक्य असतं ते कोणाचं?

बहुतेक बायबलमधलं. 'त्यांचं नाव सदैव जिवंत राहील' अशा अर्थाचं जे सारखं दिसतं ते कमिशनसाठी लेखक रुडयार्ड किपलिंगने निवडलं. हा मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात जन्मलेला किपलिंग. त्याचा एकुलता एक मुलगा जॉन सप्टेंबर १९१५ मध्ये लूसच्या लढाईत बेपत्ता झाला, वय १८, आणि किपलिंगच्या हयातीत त्याची कबर सापडली नाही.

काही गावात स्मारकच दिसत नाही, ते कसं?

काही गावातले सगळेच परत आले. त्यांना थँकफुल व्हिलेज म्हणतात, हे नाव १९३० च्या दशकात पडलं, आणि संपूर्ण इंग्लंड-वेल्समध्ये अशी गावं जेमतेम पन्नासेक. कॉट्सवोल्ड्सला गेलात तर बोर्टन-ऑन-द-वॉटरच्या गर्दीतून थोडं पुढे अपर स्लॉटर आहे, तिथे दोन्ही महायुद्धांतून सगळे परत आले. हॉलमध्ये परत आलेल्यांची साधी लाकडी पाटी आहे.

दुसऱ्या महायुद्धाची नावं इतकी कमी का?

कारण गावातून मेलेली माणसंच कमी. नवीन स्मारक बांधायचा उत्साह कोणाला नव्हता, जुन्याच पायथ्यावर १९३९-१९४५ कोरून खाली पाच-सहा नावं.

या स्मारकांवर भारतीय नावं असतात का?

गावच्या क्रॉसवर जवळपास नाहीच, कारण ती त्या गावच्या लोकांची यादी आहे. भारतीयांसाठी इंग्लंडात बघायचं ते ब्रायटनजवळ पॅचमच्या टेकडीवरची छत्री. ब्रायटनच्या हॉस्पिटलांत मेलेल्या ५३ हिंदू आणि शीख सैनिकांचं तिथे दहन झालं, १९२१ मध्ये संगमरवरी छत्री उभी राहिली, डिझाइन ई. सी. हेन्रिक्स या तरुण भारतीय आर्किटेक्टचं. छत्री सुंदरच आहे. पण तिच्यावर त्या ५३ जणांची नावं नव्हती, ती कोरून शेजारी वेगळा दगड बसला २०१० मध्ये. नव्वद वर्षं लागली. फ्रान्समध्ये न्यूव्ह शापेलला हर्बर्ट बेकरने केलेलं भारतीय स्मारक आहे, १९२७ चं, तिथे कबर नसलेल्या ४,७०० वर भारतीयांची नावं आहेत.

आणि मराठी माणसाने विचारायचा प्रश्न खरं तर इराकचा. आपल्या १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी मेसोपोटेमियात होत्या, कुतच्या वेढ्यात अडकल्या, एप्रिल १९१६ मध्ये शरणागती झाली. तिथल्या बेपत्ता मृतांसाठी बसराचं स्मारक. त्याच्या भिंतींवर ब्रिटिशांची नावं आहेत, भारतीय अधिकाऱ्यांची आहेत, पण भारतीय शिपायांची नावं कोरलीच नाहीत, पलटणीप्रमाणे नुसते आकडे. ज्या कमिशनने इंग्लंडच्या शिपायाला जनरलएवढाच दगड दिला त्याच कमिशनने. २०२१ मध्ये कमिशनच्याच चौकशी अहवालात कबूल झालं की भारतीय, आफ्रिकी, इजिप्शियन अशा ४५ ते ५४ हजार मृतांना बरोबरीची वागणूक मिळाली नाही, आणि निदान १ लाख १६ हजार जणांची तर नावानिशी नोंदच झाली नाही. माफी मागितली, नावं शोधायचं काम सुरू झालं.

महाराष्ट्रात गावपातळीवर असं काही आहे का?

आहे, फक्त आपण बघत नाही. सातारा, रत्नागिरी वगैरे भागात जुन्या चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत एक छोटी दगडी पाटी असते, या गावातून इतके लोक १९१४-१९१९ च्या महायुद्धाला गेले, पैकी इतके कामी आले. बस. नाव एकही नाही, फक्त आकडे, इथेही तेच. सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे मिलिटरी प्रसिद्ध आहे, तिथले ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले. मुंबईत मशीद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये मात्र बोटींवर मेलेल्या २ हजारांहून जास्त भारतीय खलाशांची नावं आहेत, कोकणातल्या लोकांनी तिथे आडनावं शोधायला हरकत नाही.

नोव्हेंबरमध्ये स्मारकापाशी मृतांच्या स्मरणाचा कार्यक्रम होतो, त्याला गेलो तर चालतं का? आम्ही ख्रिश्चन नाही.

बिनधास्त जा. नोव्हेंबरचा दुसरा रविवार, ११ वाजता दोन मिनिटं शांतता, त्याआधी दहा मिनिटं पोहोचा. नावं मोठ्याने वाचतात. प्रार्थना म्हणायची सक्ती नाही, टोपी काढा, मोबाईल सायलेंट, लहान मुलं रडली तरी कोणी डोळे वटारत नाही. कपड्यावर लावायची कागदी लाल पॉपी, म्हणजे खसखशीचं फूल, दुकानात, स्टेशनवर मिळते, डब्यात जमेल तेवढे पैसे टाकायचे.

स्मारक हिरवं-काळं पडलंय, गावातले लोक घासत का नाहीत?

घासू नये म्हणूनच घासत नाहीत. तारेचा ब्रश, ब्लीच, प्रेशर वॉशर यांनी दगडाची वरची कातडी निघते आणि अक्षरं जातात. दगडफूल म्हणजे लायकेन तर बहुतेक तसंच ठेवतात. फारच असेल तर साधं पाणी आणि मऊ ब्रश, तेही मालकाला विचारून. वॉर मेमोरियल्स ट्रस्ट नावाची संस्था सल्ला देते आणि दुरुस्तीला अनुदानही. महायुद्धाच्या शताब्दीच्या काळात हिस्टॉरिक इंग्लंड या वारसा जपणाऱ्या संस्थेने २,५०० स्मारकं संरक्षित यादीत घ्यायचं ठरवलं होतं, त्यामुळे तुमच्या गावचं संरक्षित असण्याची शक्यता बरीच आहे. ब्राँझच्या पाट्या मात्र चोरीला जातात, भंगारात विकायला.

एखादं नाव दिसलं, त्याचं काय झालं ते शोधायचं असेल तर?

आधी स्मारकाचा फोटो नीट काढा, आद्याक्षर आणि रेजिमेंट दिसेल असा. कमिशनच्या साइटवर आडनाव टाका, खूप निकाल आले तर रेजिमेंट आणि वर्षाने गाळा, बऱ्याच नोंदींत आई-वडिलांचं नाव आणि गाव असतं, ते जुळलं की माणूस सापडला. मग कबरीचा नंबर, नाहीतर कुठल्या भिंतीवर नाव आहे ते कळतं. सेवेची कागदपत्रं नॅशनल अर्काइव्हजमध्ये, पण सप्टेंबर १९४० च्या बॉम्बिंगमध्ये त्यातली निम्म्याहून जास्त जळाली, तेव्हा नाही सापडली तर तुमचं शोधणं चुकलं असं समजू नका, पदकांच्या नोंदवहीत बघा, ती वाचली. आणि चर्चमध्ये आत जाऊन दाराजवळचं टेबल बघा, कोणीतरी गावातल्याच निवृत्त माणसाने प्रत्येक नावावर एकेक पान लिहून फाइल ठेवलेली असते, बाजूला पैशाचा डबा, त्यात एक पाउंड टाका आणि तिथेच बसून वाचा.